डाव्या दारातले तीन थर

वडिलांची गाडी आता आम्रपाली चालवत होती. आवाज जरा वाढवला की उजव्या दाराचा पत्रा खरखरायचा, म्हणून तिने ती थेरगावात, डांगे चौकाजवळच्या रणजीतच्या दुकानात नेली. गाड्यांचे स्पीकर बसवणं हाच त्याचा धंदा.

रणजीतने दोन्ही दारांची आतली पॅनेलं उतरवली आणि शीळ घातली. "ताई, हे कुणाचं काम?"

उजवं दार आतून उघडंबोडकं होतं. डाव्या दाराच्या पत्र्यावर मात्र डांबरी शीट, त्यावर फेल्ट, त्यावर फोम. कडा नीट दाबलेल्या.

"बाबांचं." जयसिंगांनी चाकणला प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात उभी हयात काढली होती. पत्रा कसा गप्प करायचा ते त्यांना ठाऊक होतं.

"थर वेगवेगळ्या वेळचे आहेत. डांबर जुनं, फोम तर अगदी नवा. पण एकाच दाराला का? दुसऱ्याला कंटाळले वाटतं."

"काम अर्धं टाकणारे नव्हते ते."

डावीकडे तर तीच बसायची. हिंजवडीत वेगळं घर घेतल्यावर, राजगुरुनगरहून परतताना तिने त्यांना विचारलं होतं, "रागावलात का माझ्यावर?" ते समोरचा रस्ता बघत गाडी चालवत राहिले. पुढच्या महिन्यात ते गेले. त्या गप्प राहण्याचा अर्थ ती अजून लावत होती.

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. "फक्त डावा लावा बरं." आवाज भरीव, स्वच्छ आला. "छान तर वाजतोय. मग बाबांना कमी काय वाटलं?"

"येतात अशी गिऱ्हाइकं. एक बाजू कमी वाजते म्हणतात. आम्ही वायर तपासतो, स्पीकर बदलतो. कान कोण तपासणार?" रणजीत स्वतःच्याच विनोदावर हसला.

आम्रपाली हसली नाही. तिने डाव्या कानात बोट घातलं. आवाज दबला, लांब गेला. तिने आईला फोन लावला.

"आई, बाबांना डाव्या कानाने ऐकू यायचं?"

कस्तुराबाई म्हणाल्या, "प्रेसनं खाल्ला तो कान. कंपनीला कळलं तर लाइनवरून काढतील, म्हणून कुणाला सांगू दिलं नाही. नंतर तुला सांगायची लाज वाटायची. का गं?"

"मग स्पीकरच बिघडलाय असं वाटायचं त्यांना?"

"कान गेलाय हे कबूल कोण करणार? दर दिवाळीला दार उघडून बसायचे."

"मी गाडीत त्यांना एक विचारलं होतं. रागावलात का, म्हणून. बोललेच नाहीत."

"ऐकलंच नसेल. ऐकलं असतं तर गाडी बाजूला लावून भांडले असते."

"नक्की?"

"जन्मभर भांडलेय मी त्या माणसाशी. मला नाही कळायचं?"