परतीची तारीख नसलेले निरोप

हरसूलची अक्काबाई टोळीबरोबर द्राक्षतोडणीला गेली आणि तिचा फोन फवारणीच्या टाकीत पडला, एवढंच तिच्या लेकीला, तृप्तीला, कळलं होतं. टोळी कुठल्या बागेत आहे हे गावात कुणालाच सांगता येईना. तीन आठवडे झाले होते.

तृप्ती नाशकात एका संस्थेत प्रोग्रामिंग करायची. संस्थेची माणसं बागांत फिरून मजुरांचे निरोप रेकॉर्ड करून एका शीटमध्ये नोंदवत आणि तिची स्क्रिप्ट, म्हणजे तिने लिहिलेला प्रोग्राम, ते घरच्यांना फोनवर ऐकवी. शीटच्या प्रत्येक ओळीत आधी फंक्शनचं, म्हणजे स्क्रिप्टमधल्या एकेका कामाच्या तुकड्याचं, नाव असे, खुशाली किंवा आजारपण. स्क्रिप्ट ते नाव वाचून त्याच फंक्शनला हाक मारी आणि ओळीतलं बाकी सगळं त्याच्या हवाली करी.

"तृप्ती, चाळीसेक निरोप गेलेच नाहीत गं," शेजारच्या टेबलावरची हर्षाली म्हणाली.

तृप्तीने पाहिलं. चूक तिचीच होती. तिच्या 'खुशाली'ला तीन गोष्टी लागत: फोन नंबर, आवाज आणि परतीची तारीख. ज्यांना तारीख ठाऊक नव्हती त्यांच्या ओळीत दोनच गोष्टी होत्या, आणि स्क्रिप्टने त्या ओळी मुकाट्याने सोडून दिल्या होत्या. तिने त्या फंक्शनच्या नावापुढच्या कंसात ताऱ्याची खूण टाकली; आता जेवढं येईल तेवढं फंक्शन घेणार होतं. राहिलेल्या ओळी तिने पुन्हा चालवल्या.

दोन मिनिटांत तिचाच फोन वाजला.

"तृपे, मी बरी हाय. परत कदी येईन, ठावं नाय. तू जेवतीस ना येळेवर?"

निरोप सोळा दिवसांपूर्वीचा होता. तृप्तीने तो रेकॉर्ड करणाऱ्या पोरींकडून बागेचं नाव विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पिंपळगाव गाठलं. बागेत तोडणी उरकली होती. शेडमध्ये तापाने मागे राहिलेली नवसाबाई तेवढी पडून होती.

"तू अक्काची पोर? टोळी परवाच गेली. निफाडच्या अंगाला म्हणे."

"काही म्हणत होती का आई?"

"रोज त्या निरोपवाल्या पोरींची वाट बघायची. म्हणायची, माझ्या पोरीचं उलट काय आलं का?"

तृप्तीने नवसाबाईला पाणी दिलं, बॅगेतल्या तापाच्या गोळ्या दिल्या आणि निफाडची बस धरली. दुतर्फा बागाच बागा होत्या. डोक्याला पदर गुंडाळलेल्या बाया हात वर करून घड कापत होत्या, आणि लांबून प्रत्येक बाई आईच वाटत होती.