ओस्वाल्ड राजाचा उजवा हात

मी ओस्वाल्ड राजा बोलतोय. दचकू नका. मी फणसाच्या लाकडाचा आहे आणि माझा मुक्काम सांडोर गावात, रॉबर्ट सुताराच्या ओटीवर.

रॉबर्टच्या मुलीला, रोवेनाला, मुलगा झाला. तिची आई फ्लॉसी म्हणाली, "माझ्या पपांचं नाव ठेवा, ओस्वाल्ड." पण त्या नावाचा संत कोण, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. रॉबर्टने चर्चमध्ये फादरना विचारलं.

"चौदाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात अँग्लो-सॅक्सन लोकांचा हा राजा होता," फादर म्हणाले. "ईस्टरला जेवायला बसला, तर भुकेली माणसं दाराशी आली. त्याने आपलं जेवण त्यांना पाठवलं, वर चांदीचं ताटही फोडून वाटायला सांगितलं. शेजारी बिशप एडन होते. त्यांनी राजाचा उजवा हात धरला नि म्हणाले, हा हात कधी नाश न पावो."

रॉबर्टने ते मनावर घेतलं. वादळात पडलेला वाडीतला फणस त्याने कोरायला घेतला. सॅक्सन राजाचं तोंड त्याने कुठे पाहिलेलं? त्याने मला सरळ सासऱ्याचं नाक दिलं. फ्लॉसी मला बघून हसली, मग पदराने डोळे पुसत आत गेली.

चेहरा झाला, मुकुट झाला. उजवा हात तेवढा राहिला, आणि रॉबर्टला अर्धांगाचा झटका आला. इस्पितळातून तो घरी आला, हळूहळू बोलायलाही लागला. पण त्याचा उजवा हात उठेना. माझ्या कोपराखालीही नुसता ओंडका.

"पप्पा, विरारच्या कारागिराकडून हात करून घेऊ ना," रोवेना म्हणाली. "बाप्तिस्मा जवळ आलाय."

"चुलीत घाल त्याला," रॉबर्ट म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

दुसऱ्या दिवशी फ्लॉसीने मला त्याच्या खाटेजवळ ठेवलं आणि पटाशी उचलली.

"तुम्ही सांगा, मी कोरते."

"तुला नाही जमायचं."

"मग बघत बसा."

तिने पटाशी अशी काही चालवली की माझ्या तळव्याचा टवकाच उडाला.

"अगं थांब! उलटी धरलीस!" रॉबर्ट उठून बसला आणि त्याने डाव्या हाताने हातोडी ओढून घेतली.

मग रोज तिने पटाशी धरायची, त्याने ठोकायचं. हातोडी कधी तिच्या बोटावर बसे. ती बोट चोखून पुन्हा पटाशी धरी. कधी तो मध्येच थांबून रडे. फ्लॉसी वाडीतल्या केळींकडे बघत म्हणे, "मारा ना."

बाप्तिस्म्याच्या दिवशी मी दारात उभा होतो. हात अंगाच्या मानाने मोठा, अंगठा राजेळी केळ्याएवढा. पाहुणे हसले. सगळ्यांत जास्त रॉबर्ट हसला.

त्याचा हात काही सुधारला नाही. धाकटा ओस्वाल्ड आता माझं बोट धरून उभा राहतो. अधूनमधून कुणी पाहुणा म्हणतो, "द्या, मशीनवर घासून नीट करून आणतो."

तेवढं करू नका. माझ्या हातावरचे घाव तसेच राहू द्या. त्यांतला कुठला फ्लॉसीचा आणि कुठला रॉबर्टचा, हे आता मलाही सांगता येत नाही.