नावासकट

"नाम हटाओगी तो बचेगा क्या उसमें?" संचालक फैसलने उल्काच्या टेबलाशी उभ्याउभ्याच विचारलं.

उल्का सोलला फोन लावत होती. रिंग जात होती, पण कुणी उचलत नव्हतं. दोह्यात दुपार कलली होती. तिकडे रात्र होती आणि दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी नुकताच टीव्हीवरून लष्करी कायदा पुकारला होता.

परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करणाऱ्या त्या छोट्या संस्थेत कोरिया हा विषय एकट्या उल्काकडे होता. कतारचा गॅस कोरिया घेतो, म्हणून तिची नोकरी. एरवी तिची टिपणं कुणी वाचत नसे, आज वाचली असती. सोलच्या प्राध्यापिका हान सुजिन यांची तिने मागच्याच महिन्यात मुलाखत घेतली होती. हे सरकार एक दिवस सैन्य रस्त्यावर आणेल, असं सुजिन स्पष्ट बोलल्या होत्या. लेख तयार होता, फक्त त्यात सुजिन यांचं नाव द्यायचं की नाही, यावर अडला होता.

"नाम देने को उसने खुद कहा था," फैसल म्हणाला.

"तब फौज बाहर नहीं थी, सर. वो आज हाँ बोले, तभी डालूँगी."

"तब तक सब छाप चुके होंगे. खलास."

नवऱ्याचा, मिहीरचा, हमद पोर्टवरच्या त्याच्या ऑफिसातून फोन आला. "उल्के, नाव घालून टाक ना. तुझं कॉन्ट्रॅक्ट जानेवारीत संपतंय."

"त्यांना उचलून नेलं तर? मुलगी आहे रे त्यांना."

तिने फोन ठेवून दिला.

ती पँट्रीत गेली, चहा ओतला, तो तिथेच विसरून परत आली. खिडकीशी गेली, पुन्हा फोन लावला. स्क्रीनवर सैनिक संसदेच्या काचा फोडून आत शिरत होते.

संध्याकाळी खासदारांनी ठराव करून तो कायदा फेटाळला. सैनिक माघारी फिरू लागले. फैसल बॅग घेऊन निघाला, दाराशी थांबला. "कल से गैस वाला काम देखो. कोरिया बाद में, इन्शाल्ला."

सुजिन यांचा निरोप त्यानंतर आला. 'संसदेच्या फाटकाशी होते, गर्दीत फोन ऐकू आला नाही. तुझा लेख शोधला, मिळाला नाही. मुलीला दाखवायचं होतं, की तिची आई हे आधीच बोलली होती.'

'तुमच्या काळजीनेच थांबवला,' असं उल्काने लिहिलं आणि पुसलं. 'चुकले' लिहिलं, तेही पुसलं.

मिहीर गाडी घेऊन खाली आला होता. "यल्ला, चल, बस गाडीत. मुऐदरच्या बाजारातून भाजी घेऊन जाऊ."

ती बसली. फोनवर सोलचं थेट प्रक्षेपण चालू होतं. सैनिक गेले तरी माणसं थंडीत फाटकाशी उभीच होती. तिने दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि एकेक चेहरा पाहू लागली.

"कुणाला शोधतेयस?"

"थांब जरा," ती म्हणाली, "गाडी हलवू नकोस."

मिहीरने इंजिन बंद केलं.