फाट्यावरचा माणूस

बेवनला कुठे थांबावं ते कळत नाही, ही त्याच्या आईची, बेरिल टकवेलची, जुनी तक्रार. बोलायला लागला की थांबत नाही आणि मोटारसायकलवर बसला की पाखरागणिक थांबतो. आता पन्नाशीला टेकला, सफरीचा म्होरक्या झाला, तरी खोड जाईना. आजही तांबड्या मातीच्या रस्त्यावर सगळ्यांना "व्हा पुढे" म्हणून हात केला आणि स्वतः गरुडाचा फोटो काढत मागे राहिला. म्होरक्या असा मागे राहतो होय?

मग धूळ उडवत सगळ्यांना गाठलं, पुढे झाला, आणि उत्तरेकडच्या फाट्यावर आईलाच उभं करून गेला.

ही त्यांची रीत. वळण आलं की म्होरक्याच्या मागच्याने तिथे थांबायचं, म्हणजे मागच्यांना कळतं इथे वळायचं, आणि शेवटचा माणूस दिसेपर्यंत हलायचं नाही. तो दिसला की निघायचं. शेवटचा नेहमी बेरिलचा धाकटा भाऊ क्लेम. सत्तरी ओलांडली तरी सगळ्यांची धूळ खात हळूहळू येणार.

बेरिल उभी राहिली. सगळ्या गाड्या गेल्या, आवाज विरला. समोर पाणी नव्हतं तिथे तळं पसरलं. तळ्यात आकाश उतरलं, आकाशात दोन झाडं उलटी लटकली. एक शहामृगासारखा एमू पाय न टेकता तरंगत गेला. किती वेळ झाला ते तिला सांगता आलं नसतं. मधेच तळ्यातून एक काळा ठिपका निघे, हेल्मेट घातलेला, चांगला खांदेबिंदे असलेला. ती हात वर करी, की तो ठिपका आपला विरघळून जाई. गुलाबी काकाकुव्यांचा थवा डोक्यावरून गेला आणि तिला वाटलं, आपणच उडतोय, ते जागच्या जागी आहेत.

शेवटी एक ठिपका विरघळला नाही. पण तो भलत्याच बाजूने आला. बेवन.

"आई, चल आता. तंबू लागले. मामा येईल मागून."

"तो आल्याशिवाय मी हलायची नाही."

"उन्हात वाळून जाशील!"

"वाळलेलीच आहे, आता काय राहिलंय वाळायचं? मला सांग, तू ते पाखरू कुठे बघत बसला होतास?"

"जुन्या बोअरकडे वाट फुटते ना, तिच्या तोंडाशी. झाडाखाली गाडी लावली होती."

"आणि निघालास कधी?"

"मामा लांबवर दिसला, म्हटलं चला, सगळे मागेच आहेत, तेव्हा..." बेवनने झटकन मागच्या रस्त्याकडे पाहिलं.

बेरिलच्या लक्षात आलं. वाटेच्या तोंडाशी गाडी उभी, क्लेम दिसताच ती निघून गेली. धुळीत कुठे गेली ते कुणाला दिसतंय? याहून स्वच्छ खूण कुठली? क्लेम वळला असणार, नक्की वळला असणार. त्या वाटेला भुसभुशीत वाळू, बोअर कधीची आटलेली. गाडी आडवी झाली तर त्या म्हाताऱ्याला एकट्याने उचलवायची नाही, आणि पाणी एका बाटलीपुरतं.

"मी जातो," बेवन म्हणाला.

"तू इथे उभा राहा. तो मागे फिरून आला तर फाट्यावर माणूस हवा. मी बघते माझ्या भावाला."

वाळूत गाडी होडीसारखी डुलत होती. बेरिलने हात सैल सोडले, जशी जाईल तशी जाऊ दिली. दोन्हीकडच्या तांबड्या टेकड्या लाटांसारख्या उठत होत्या, बसत होत्या, आणि आवाज कसलाच नव्हता. मग मोडकी पवनचक्की दिसली. तिच्या अलीकडे क्लेमची गाडी आडवी पडलेली. सावलीत तो कोरड्या टाकीच्या भिंतीला टेकून बसलेला, टोपी तोंडावर, पाय लांब सोडलेले.

"क्लेम!"

टोपी हलली नाही. बेरिल गाडीवरून उतरली. तिने जवळ जाऊन टोपी उचलली.

"काय गं," क्लेम डोळे मिचकावत म्हणाला, "केवढा उशीर! बाकीचे कुठायत?"

"इथे कुणी नाही, मूर्खा."

"पण बेवन होता ना या वाटेच्या तोंडाशी! मला बघूनच निघाला."

"तो गरुड बघत होता."

क्लेमने रिकामी बाटली उलटी करून दाखवली. बेरिलने आपली त्याच्या हातात दिली आणि तो पीत असताना तिकडे पाठ केली, डोळे पुसायला. मग दोघांनी मिळून शिव्या घालत गाडी उभी केली.

परतले तेव्हा ऊन कललं होतं, जमीन जांभळी झाली होती. बेवन फाट्यावर होता तिथेच उभा, ओठ फुटलेले, नजर वाटेवर.

बेरिलने इंजिन बंद केलं.

"वाटेच्या तोंडाशी गाडी लावणं म्हणजे मागच्याला शब्द देणं, बेवन. तू शब्द दिलास आणि निघून गेलास. उद्यापासून पुढे क्लेम, शेवटी तू, ही सफर संपेपर्यंत. आणि आता इथून हलला नाहीस, म्हणून एवढ्यावर सुटलास."