कापसाला पाय

माझी सून योगिता गच्चीवर गुडघे टेकून बसली होती. समोर माझं वांग्याचं रोप, हातात मोबाइल, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यावर केसांच्या पिनेने अडकवलेलं एक इवलंसं भिंग. मोडक्या सीडी प्लेअरमधलं ते भिंग, तुरीच्या डाळीएवढं. प्लेअर उघडून तिने ते काढलं तेव्हा मी म्हटलं होतं, आता मिक्सरपण उघड, त्यातही काही सापडेल. ती नुसती हसली. माझं बोलणं तिला लागत नाही, हा तिचा मोठाच गुण.

इथे शहरात पर्वत पाटियाजवळ आमची वरची खोली, खाली लूमचं खातं, म्हणजे कापड विणायचा कारखाना. तिथे शेत कुठलं? रोप रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेलं. पण बी माझ्या माहेरचं, यावलकडचं, भरताच्या हिरव्या वांग्याचं. लग्नात मायने माझ्या पदराला बांधून दिलं. आमच्यात हे बी मायकडून लेकीला जातं. मला लेक नाही, म्हणून मीच दर दोन-तीन वर्षांनी लावायची आणि नवं बी धरून ठेवायची. यंदा पावसाळ्यात बियांच्या डबीला ओल लागली. होतं ते सगळं पेरलं, उगवलं एकच. हे गेलं की मायचं वांगं संपलं.

आणि त्याचीच पानं आखडायला लागली. फूल यायचं आणि गळायचं. पानांवर पांढरं काहीतरी दिसायचं, पण त्याकडे लक्ष कोण देतो? माझा मुलगा सुकदेव खालच्याच खात्यात कामाला. पाळी संपली की गच्चीवर येऊन शर्टावरचा कापूस झटकतो. आमच्याकडे कापूस उशीवर, पिठाच्या डब्यावर, देवाच्या फोटोवर. मग पानावर का नसावा? मी रोज फुंकर मारायची आणि सुकदेवला शिव्या द्यायची. थोडं उडायचं, बरंच उरायचं.

योगिताला ते खटकलं. "आत्या, कापूस व्हता त उडी गया असता ना," ती म्हणाली आणि फोटोच्या मागे लागली.

बाई, काय ते काम! भिंग पानाला जवळजवळ टेकवायचं, केसभर पुढेमागे झालं की सगळं पुसट. वाऱ्याने पान हलायचं, म्हणून तिने दांडी कपड्यांच्या चिमट्याने काठीला धरून ठेवली. उजेड कमी पडायचा, तर टॉर्चवर दुधाची धुतलेली पिशवी चढवली. तरी फोटो पुसटच. कारण खाली लूम चालले की आमची गच्ची थरथरते, बादलीतलं पाणीसुद्धा थरथरतं.

"मुंगीनं लगीन लावी राहिनी का?" मी चिडवायची.

शेवटी तिलाच सुचलं. सकाळी सातला पाळी बदलते. रात्रीचे कारागीर उतरतात, दिवसाचे चढतात, तेवढ्यापुरती खटखट थांबते. ती आधीपासून भिंग लावून बसली. खातं थांबलं. कान बधिर झाल्यासारखी शांतता पसरली. योगिताने श्वास धरला, आणि तिला बघून मीही धरला.

"आत्या, देखा. हाई कापूस नही शे. येले पाय शेतस!"

मी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. पिठात लोळल्यासारखा एक किडा, कडेने झालर, खाली बारीक बारीक पाय. शेजारी सुकदेवच्या शर्टाचा खरा धागा पडलेला, दोरखंडासारखा जाड, निळा. दोन्ही एकाच फोटोत. अंगावर काटाच आला माझ्या.

"आनि मी रोज फुंकी राहिनी!"

तिने फोटो गावी माझ्या भावाला, दगाला, पाठवला. त्याचा लगेच फोन आला. पिठ्या ढेकूण म्हणतात त्याला, साबणाच्या पाण्याने हातानेच पुसून काढ, रोज.

मग आमचं दोघींचं सुरू झालं. मी ओल्या फडक्याने पान पुसायची, आणि सात वाजले की ती भिंगातून तपासायची. "आठे एक राहिना, आत्या. देठना खाले." मला दिसत नसलेली जागा ती दाखवायची आणि माझं बोट तिथे जायचं. इतक्या वर्षांत माझ्या रोपाकडे इतकं निरखून कुणी बघितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्या पोरीचं मला फार कौतुक वाटलं, आणि ते मी तिला बोलूनही दाखवलं. ते ऐकून सुकदेव शर्ट झटकताझटकता थांबलाच.

एक फूल टिकलं. एक वांगं धरलं.

चंपाषष्ठी आली. खंडोबाला भरीत लागतं. माझा जीव त्या वांग्यात, पण ते बियासाठी राखायचं होतं, म्हणून मी बाजारातून आणलेलं भाजलं आणि देवाला म्हटलं, यंदा एवढं चालवून घे. संक्रांतीनंतर आमचं वांगं पिवळं पडलं, मऊ झालं. मी ते चिरलं, बी धुतलं, राखेत घोळून वाळवलं.

मग योगिताला बोलावलं आणि तिच्या पदराचं टोक मागितलं. तिने ओढणी पुढे केली. मी मूठभर बी त्यात बांधलं.

"आत्या, हाई त लेकले देतस ना?"

"मंग कोनले दी राहिनी मी?"

खाली लूम धडधडत होते. तिने डोळे पुसले, गाठ सोडून एक दाणा तळहातावर घेतला, केसांतल्या पिनेने मोबाइलवर भिंग अडकवलं आणि खातं थांबायची वाट बघत बसली. मीही तिच्याशेजारी बसले.