तीन कोटेशनांतली आई

आमच्या ह्यांनी सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत परचेसमध्ये काढली. परचेस म्हणजे खरेदी, पण हे खरेदी करण्यापेक्षा लांबवायचेच जास्त. तीन कोटेशनं टेबलावर आल्याशिवाय कंपनीत खिळा येत नसे, आणि सप्लायरनं फुकट सॅम्पल दिल्याशिवाय हे त्याला 'बसा' म्हणत नसत. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं ह्यांना एक घड्याळ दिलं आणि मला हे दिले. तेव्हापासून पिंपळे गुरवच्या आमच्या फ्लॅटमध्ये साधा झाडू आणायचा तरी तीन दुकानं पालथी घालावी लागतात.

तर गोष्ट आहे एका फोटोची.

माझी थोरली बहीण विजयश्री चऱ्होलीला राहते, मुलाकडे, नव्या टॉवरमध्ये. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. इंजेक्शनं झाली, मोठे डॉक्टर झाले. शेवटी त्यांनी स्पष्ट सांगितलं की समोरचं हळूहळू जाईल, कडेचं काही दिवस राहील. काय बघायचं असेल ते मोठं करून, भरपूर उजेडात बघून घ्या. ताईनं त्यावर काही मोठी यादी केली नाही. दिवाळीत मी गेले तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "पद्मे, एकदा आईला बघायचंय गं. चेहरा विसरत चाललेय मी. तो फोटो मोठा करून आण. पण लवकर आण."

आईचा एकच फोटो आहे. आईला लहानपणी देवी आल्या होत्या, गालभर वण होते, आणि कॅमेरा दिसला की ती पदर ओढून आत पळायची. माझ्या लग्नात कुणीतरी तिला बेसावध गाठलं. खांबाआड उभी आहे, हातात अक्षतांचं ताट आहे, आणि चेहरा अर्धा अंधारात. फोटो पोस्टकार्डाहून लहान. मला एवढंच करायचं होतं की अंधार कमी करायचा, चेहरा मोठा करायचा आणि छापून ताईच्या हातात द्यायचा.

मी ह्यांना सहज म्हटलं, "अहो, कॉम्प्युटरवर फोटो उजळायचं काहीतरी असतं ना? माझ्यासारख्या नवशिकीला जमेल असं, स्वस्तातलं? नाहीतर मी आपली मोबाइलवरच करते. कारल्याच्या वेलाचे फोटो नाही का उजळून टाकत ग्रुपवर."

"मोबाइल म्हणजे खेळणं," हे म्हणाले. "मोठं प्रिंट काढायचंय ना? मग नीट सॉफ्टवेअर पाहिजे. मी बघतो."

'मी बघतो' म्हणजे आता तीन कोटेशनं, हे मी ओळखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी फोटो स्कॅन करून आणला, मूळ फोटो प्लास्टिकच्या पाकिटात घातला, पाकिटावर चिठ्ठी डकवली, 'मास्टर सॅम्पल – हात लावू नये', आणि पाकीट कपाटात ठेवून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. माझी आई! माझ्याच घरातल्या कपाटात कुलूपबंद! मी किल्ली मागितली तर म्हणाले, मास्टर सॅम्पल खराब झालं तर तुलना कशाशी करणार?

मग समिती बसली. समितीत हे, ह्यांचे कंपनीतले मित्र रोहिदास, जे क्वालिटीला होते, आणि ताईचा मुलगा मिहिर. मिहिर तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरीला, म्हणून तो तज्ज्ञ, आणि तो मोबाइलच्या पडद्यावरून हजर व्हायचा. चहा मी करायचा. माझं त्या समितीतलं काम तेवढंच.

पहिली बैठक गरज ठरवण्यात गेली. गरज मी एका वाक्यात सांगून मोकळी झाले होते, पण ते वाक्य ह्यांना पटलं नाही, कारण त्याचा तक्ता होत नव्हता. तक्त्यात मग काय काय आलं! लेअर किती, रंग किती, पुढच्या दहा वर्षांत अपडेट मिळणार का, विक्रीनंतरची सेवा कशी. प्रत्येकाला गुण. मी म्हटलं, "अहो, एक बाई, एक चेहरा. एवढंच आहे." रोहिदासभाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, तसं न्हाई चालत. आदी पार्ट समजून घ्यावा लागतोय, मंग मशीन." माझी आई त्या दिवसापासून पार्ट झाली.

तीन कोटेशनं आली. एक सॉफ्टवेअर महिन्याच्या वर्गणीचं, एक एकदाच पैसे भरून कायमचं, आणि एक साफ फुकट. वर्गणीचं ह्यांनी पहिल्या झटक्यात उडवलं, म्हणे भाड्याच्या घरात कोण रंग लावतं. फुकटच्यावर ह्यांचा विश्वास बसेना. जो काहीच मागत नाही तो नक्की काहीतरी लपवतोय, हा ह्यांचा नोकरीतला अनुभव. राहिलं एकदाच पैसे भरायचं. तर त्याच्या कंपनीच्या चॅटवर जाऊन हे घासाघीस करायला लागले! पलीकडे यंत्र होतं. यंत्र दर वेळी नम्रपणे विचारायचं, मी आपली आणखी काय मदत करू शकतो? आणि हे टाइप करायचे, तुमचा शेवटचा भाव सांगा. आख्खी दुपार चाललं होतं. ते यंत्र होतं म्हणून टिकलं, माणूस असता तर नोकरी सोडून गेला असता.

मिहिरचं वेगळंच. "मावशी, सबस्क्रिप्शन लाँग टर्ममध्ये परवडत नाही," तो मला समजावत होता. "एकदा लॉक झालो ना, की बाहेर पडणं अवघड जातं." त्याची सख्खी आई त्याच्याच घरात, त्याच्याच बाजूच्या खोलीत आंधळी होत चालली होती आणि हा मला लाँग टर्म सांगत होता. मी म्हटलं, "अरे, तुझी आई भाजीत मीठ दोनदा घालते आताशा, माहितेय का तुला?" त्यावर मिहिरनं पडद्यावरच दुसरीकडे बघितलं. मग म्हणाला, काका, ओपन सोर्सचा, म्हणजे फुकटच्याचा कॉलम टाकलात का तुम्ही?

डिसेंबर असाच गेला. मी दर रविवारी चऱ्होलीला जायचे. ताई आधी मान किंचित तिरकी करून माझ्याकडे बघायची, मग जास्त तिरकी, मग पार खांद्याकडे तोंड वळवून. दर वेळी विचारायची, "आणलास?" आणि दर वेळी मला म्हणावं लागायचं, "होतंय गं ताई, काम चालू आहे." माझ्या जिवाची कशी तगमग व्हायची ते त्या तक्त्यात कुठं भरणार?

घरी येऊन मी भांडायचे. किल्ली द्या म्हणायचे. हे म्हणायचे, घाईत घेतलेल्या मालाचा पस्तावा नंतर होतो. मी फोटो बघू द्या म्हटलं तर म्हणाले, फायनल अप्रूव्हलच्या आधी युजरला दाखवायची पद्धत नाही. युजर म्हणजे मी.

आणि मग ह्यांच्या डोक्यातून ती अफलातून कल्पना निघाली. सॉफ्टवेअर विकत घ्यायचंच कशाला? विकतच्या प्रत्येकाचं फुकट सॅम्पल मिळतंच, आणि मिहिरनं तसली तीन हुडकली. ट्रायल म्हणतात त्याला. म्हणजे काम करून मिळतं, फक्त तयार फोटोवर त्या कंपनीचा शिक्का आडवा उमटतो. पण देवाची करणी अशी की एकाचा शिक्का खाली यायचा, एकाचा वर आणि एकाचा मधोमध. चाकणमध्ये तीस वर्षं सप्लायरांची सॅम्पलं फुकट वापरून ऑर्डर चौथ्यालाच देणाऱ्या माणसाला एवढं पुरेसं होतं. तिन्ही सॅम्पलं काढायची, प्रत्येकातला शिक्का नसलेला तुकडा कापायचा आणि तिन्ही तुकडे जोडायचे! रोहिदासभाऊंनी टाळीच दिली म्हणे. "साहेब, ही खरी असेंब्ली हाय." मिहिरनं जोडणी केली, क्वालिटी रोहिदासभाऊंनी तपासली. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त बंद दाराआडून हसण्याचे आवाज येत होते आणि माझा दुधाचा खर्च वाढत होता.

संक्रांत होऊन गेल्यावर एका रविवारी हे नवा शर्ट घालून तयार झाले. हातात खाकी कागदात गुंडाळलेली मोठी फ्रेम. "चल," म्हणाले, "डिलिव्हरी." खांद्याला बॅग, बॅगेत ते मास्टर सॅम्पल, कारण माल उतरवताना मूळ नमुना सोबत न्यायचा असतो. रोहिदासभाऊही आले, पेढे घेऊन. आम्ही सगळे चऱ्होलीला गेलो.

ताई खिडकीशी खुर्चीत बसली होती. खिडकीतून नव्या इमारतींच्या क्रेन दिसतात, पण तिला त्या कधीच्या दिसेनाशा झाल्या होत्या. मिहिरनं फ्रेम तिच्या मांडीवर उभी धरली, ह्यांनी कागद काढला, आणि मी पहिल्यांदा ते बघितलं.

कपाळ गोरं होतं, डोळे आणि नाक पिवळट, हनुवटी निळसर. तीन ऋतूंत काढलेले तीन तुकडे. पण ते एक वेळ चाललं असतं, ताईला रंग तरी कुठं नीट कळतात आता. घात गालांनी केला. गाल तुळतुळीत होते. प्लास्टिकच्या बाहुलीला असतात तसे.

ताईनं मान खांद्याकडे वळवली आणि डोळ्याच्या कडेनं बघत राहिली. फ्रेम जवळ घेतली, लांब धरली. रोहिदासभाऊंच्या हातात पेढ्यांचा बॉक्स तसाच उघडा होता. मग ताईनं हळूच विचारलं, "ही कोण गं, पद्मे?"

"आई, आजी आहे ही," मिहिर म्हणाला.

"नाही रे. आजी अशी नव्हती." आणि तिनं सवयीनं हात उचलून काचेवरच्या गालावरून फिरवला. लहानपणी आम्ही दोघी आईच्या कुशीत झोपताना तिच्या गालांवरचे वण चाचपत झोपायचो. ताईचं बोट काचेवर ते शोधत होतं.

मी ह्यांच्याकडे वळले. "वण कुठं गेले?"

"कसले?" हे म्हणाले. मग रोहिदासभाऊंकडे बघितलं.

रोहिदासभाऊ चाचरत म्हणाले, "सरफेसवर लई स्पॉट व्हते, वहिनी. मला वाटलं फोटो जुना हाय, डाग पडल्यात. म्या एकेक मार्क करून काढायला लावलं."

त्यांनी आईला कधी बघितलंच नव्हतं, आणि आई गेली तेव्हा मिहिर तान्हा होता, त्या दोघांना मी काय बोलणार? पण हे! माझी आई ह्यांना जेवायला वाढायची, वर्षानुवर्षं समोर बसून आग्रह करायची. "तुम्ही तिचे जावई," मी म्हणाले, आणि माझा आवाज खाली टॉवरच्या वॉचमनपर्यंत गेला असेल. "तिच्या हातचं इतकं खाल्लंत, कधी मान वर करून तोंड बघितलंत का तिचं? का तिथंही ताटातल्या मालाचीच तपासणी चालली होती?"

मी त्यांच्या खांद्यावरची बॅग ओढून घेतली, पाकीट काढलं, ती चिठ्ठी टराटरा फाडली आणि आईला बाहेर काढलं. खिडकीच्या उजेडात धरून मोबाइलवर फोटो घेतला. खाली फोटोत बदल करायची ती बारकी पेन्सिल असते, ती दाबली. उजेड वाढवला, मग काळं-पांढरं ठळक करायची पट्टी शेवटपर्यंत सरकवली. दोन बोटांनी चेहरा पडदाभर केला. कारल्याच्या वेलाला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला.

ताईच्या कानाजवळ, जिथून तिला कडेचं दिसतं तिथं मी मोबाइल धरला. तिची नजर खांद्याच्या पलीकडं काहीतरी हुडकत होती, कधी वर, कधी खाली.

"डोळे दिसत नाहीत गं," ती म्हणाली. "नाक पण नाही. मधलं सगळं गेलंय." मग एकदम तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "वण दिसले. गालावरचे. हे बघ, इथं, कानाशी... आई आहे. पद्मे, आई आहे ही."

मी रडले. लपवत नाही. ताई मात्र रडली नाही, ती बघत होती. तिच्याकडे रडण्यात घालवायला वेळ नव्हता.

दिवाळीत आणला असता तर तिला डोळे दिसले असते, नाक दिसलं असतं, आई पूर्ण दिसली असती. ताई हे बोलली नाही, तिचा स्वभावच तसा नाही. मी बोलले, सगळ्यांच्या देखत, ह्यांच्या तोंडावर. मिहिर उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. रोहिदासभाऊंनी पेढ्यांचा बॉक्स बंद केला.

हे माझ्याजवळ आले, वाकून मोबाइलच्या पडद्यावरच्या आईकडे निरखून बघितलं. मला वाटलं, चाळीस वर्षांनी का होईना, आता काहीतरी बोलतील.

"हे कुठलं सॉफ्टवेअर?" त्यांनी हळूच विचारलं. "ट्रायल आहे का?"

ताईच्या कानाशी धरलेला माझा हात भरून आला होता, आणि ती अजून बघत होती.