साफ केलेलं आकाश

चहाचा कप घेऊन फोटोवाले काका दुकानाच्या आतल्या खोलीत आले आणि कॉम्प्युटरकडे पाहून जागीच थिजले. आदल्या रात्री गच्चीवर ट्रायपॉड लावून, डोळ्यांत तेल घालून टिपलेलं आकाश समोर होतं. खालच्या कोपऱ्यात पाण्याच्या टाकीची कडही होती. फक्त चांदणी एकही नव्हती.

"अगं, काय केलंस हे?"

काकू खुर्चीत सावरून बसल्या. "काय म्हणजे? केवढी धूळ आली होती फोटोवर! लेन्स पुसत जा म्हणून कानीकपाळी ओरडते, ऐकाल तर शपथ. एकेक ठिपका वेचून काढलाय."

"अगं बाई, तारे होते ते!"

काकूंचा चेहरा खर्रकन उतरला.

चूक तशी काकूंच्या सवयीतलीच होती. जन्मभर काकांनी गिऱ्हाइकांचे फोटो काढले आणि काकूंनी त्यावरचे डाग, मुरमं, धुळीचे कण पुसले. एकदा तर एका भल्या माणसाचा तीळच पुसला. बिचारा बिनतिळाचं ओळखपत्र घेऊन कचेरीत या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरला. पण गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि काकूंनी कामाचं नावच टाकलं. डॉक्टरांनी व्यायामाला दिलेला चेंडू पलंगाखाली लोळत होता. एकदा पडल्या पडल्या त्या म्हणाल्या होत्या, "गच्चीवरनं आभाळ बघून किती दिवस झाले हो!" जिने चढणं त्यांना शक्यच नव्हतं. म्हणून काका आभाळच खाली आणायला निघाले. मान जरा डावीकडे म्हटलं तर न ऐकणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. त्यात ढगांनी रोज दगा दिला. काल कुठे एक फोटो साधला होता.

"मूळ फोटो तरी ठेवलास का?"

"त्याच्यावरच सेव्ह केला. नेहमीसारखा."

काकांचा पारा चढला. बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांची नजर टेबलावर गेली. माऊस उजवीकडे होता. त्यावर काकूंचा हात होता, बोट अजून बटणावर.

"कुठल्या हाताने केलंस गं?"

काकूंनी आपल्या हाताकडे पाहिलं. जणू तो आत्ताच कोणीतरी तिथे आणून ठेवला होता. "डाव्याने जमतच नाही मला हे," त्या पुटपुटल्या.

काका मटकन स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

"आता रडताय कशाला? आज परत काढा की. मी नाही हात लावणार."

"काढीन. पण हाही राहू दे."

त्यांनी तो मोठा छापून घेतला, चौकट करून दर्शनी भिंतीवर लावला. दुपारी फोटो काढायला आलेली मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली.

"काका, यात तर काहीच नाहीये. कशाचा फोटो आहे?"

"आमच्या हिच्या हाताचं काम आहे ते," काका म्हणाले आणि तिला हनुवटी जरा वर करायला सांगितली.